बाची राखण

माझा बा सत्तरीला टेकला आणि त्याला म्हातारचळ लागला. गाव हसायचं. मला हसू येत नव्हतं, कारण बाची राखण माझ्याकडे होती. बायको पहाटे भाकरी थापून सावडीला जायची. आज दुसऱ्यांच्या भातखाचरात ही, आणि आमची पाळी आली की आमच्या खाचरात त्या घरच्या बाया. मुळशीतले निम्मे गडी तेव्हा धरणाच्या कामावर गेलेले, मजुरीने माणूस मिळत नव्हता. मी दिवसभर बाच्या मागे मागे. जरा पाठ वळली की तो ओढ्याकडे निघालाच. खरं सांगतो, कधी कधी मी त्याच्या अंगावर खेकसायचो, आणि मग तो कोपऱ्यात जाऊन बसायचा.

आमच्या पाळीचा दिवस एकच होता. रोप जून होत चाललं होतं. आता लागलं नाही तर वर्षाचा भात गेला. चिखलणीला बैलांमागे मी हवाच होतो, म्हणून बाला बरोबर नेलं. डोक्यावर इरलं देऊन वरच्या खाचराच्या बांधावर बसवलं. बायांनी ते खाचर लावून संपवलं आणि त्या खालच्या खाचरात माझ्या मागे उतरल्या. बा गप्प बसून होता. मला वाटलं, आज देव पावला.

दुपारी वर पाहिलं तर बा खाचरात वाकलेला. अर्धी लावणी त्याने उपटली होती. मुळं धुऊन, सारख्या मुठी बांधून बांधावर ओळीने मांडल्या होत्या. इतकं नेटकं काम मला आजही जमत नाही.

"रोप काढून झालं, पोरा," तो हसून म्हणाला. "बायांस्नी म्हनावं, लावा आता."

माझा हात उगारला गेला होता. तो तसाच खाली आला. बायको बांधावर बसून रडायला लागली. बाया पुन्हा खाली लावणीला वाकल्या. अंधार पडेतो खालचंच खाचर कसंबसं उरकलं, आणि दुसऱ्या दिवशी त्यांना दुसऱ्या घरी जायचं होतं. वरचं खाचर आम्हा दोघांवर आलं.

सकाळी मी बाला पडवीतल्या खांबाला बांधलं, बैलाच्या दाव्याने. बायकोने तोंड फिरवलं. मला स्वतःचीच किळस येत होती. बा गाठीकडे बघत राहिला.

"गाठ सैल हाय," तो म्हणाला. "जनावर सुटंल."

मी गाठ आवळली आणि लावणीला गेलो.