सीटखालचा स्विच

मैदानकाकांनी किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं. ब्रेक सोडला, तसं इंजिन बंद. पुन्हा किल्ली फिरवली, पुन्हा तेच. सकाळचे आठ वाजले होते आणि इस्पितळाच्या मागच्या मैदानावर गवत घोट्याच्या वर आलं होतं.

बसून चालवायच्या त्या गवत कापायच्या गाडीवर काकांची सव्वीस वर्षं गेली होती. गाडी दोनदा बदलली, काका तेच राहिले. त्यांची बायको इस्पितळाच्याच धुलाईघरात चादरींच्या घड्या घालायची. एक वाजला की ती डबा घेऊन काकांच्या पत्र्याच्या शेडमध्ये यायची आणि जेवायच्या आधी त्यांच्या शर्टावरचं गवत झटकायची. आठ महिन्यांपूर्वी ती गेली. तेव्हापासून एक वाजायचा, पण डबा नसायचा. काका उभ्या उभ्या दोन बिस्किटं चहात बुडवून खायचे. कधी कधी तीही नको वाटायची. काही दिवस असे जात, की दिवसातलं पहिलं वाक्य ते गाडीशीच बोलत.

"काय झालं गं तुला?" त्या दिवशीही ते तिलाच म्हणाले.

बॅटरीच्या टोकांवर पांढरी भुकटी जमली होती. ती त्यांनी कोमट पाण्यात सोडा घालून घासून काढली. मीटर लावला तर बॅटरी ठणठणीत. फ्यूज शाबूत. सांगाड्याला जोडलेली वायर सोडवून, घासून पुन्हा आवळली. ब्रेकचा स्विच तपासला, पात्यांचा तपासला. दोन दिवस हेच चाललं. शेवटी हात टेकले आणि त्यांनी इस्पितळाच्या इलेक्ट्रिशियन बाईंना बोलावलं.

बाई चाळिशीच्या, अंगानं भक्कम, बोलायला मोकळ्या. त्या सरळ गाडीवर बसल्या, किल्ली फिरवली, ब्रेक सोडला आणि मैदानाला एक फेरी मारून आल्या.

"काका, ही तर पळतेय घोड्यासारखी!"

काका बसले. ब्रेक सोडला. बंद.

बाई बसल्या. सुरू. काका बसले. बंद.

"तुमच्यावर रुसलीय बहुतेक," बाई हसत म्हणाल्या. मग त्यांचं हसू ओसरलं. त्यांनी सीट उचलली. खाली एक छोटा स्विच होता. चालवणारा बसला की सीट दबते, स्विच दबतो आणि गाडीला कळतं की वर माणूस आहे. माणूस नसेल तर ब्रेक सोडताच ती स्वतःला बंद करते. बाईंनी मीटर जोडून सीट हातानं दाबली. मीटर वाजला. "आता तुम्ही बसा."

काका बसले. मीटर गप्प.

"जरा मागे रेला." मीटर एकदा वाजला आणि थांबला.

"सीटची स्प्रिंग गंजून कडक झालीय," बाई हळू आवाजात म्हणाल्या, "पण काका, तुमचं वजन किती आहे हो?"

काकांना माहीत नव्हतं. पँटला दोरी बांधावी लागते, एवढंच माहीत होतं.

"स्विचच्या दोन्ही वायरी एकमेकींना जोडून देते. दोन मिनिटांचं काम. नाहीतर सीटवर वाळूची गोणी बांधा."

"नको," काका म्हणाले. "मागे एकदा उतारावर मी खाली पडलो होतो. पाती तिथल्या तिथे थांबली म्हणून पाय वाचला. गोणी बांधली तर मी पडेन आणि गोणी बसलेलीच राहील."

बाईंनी वाद घातला नाही. नवी स्प्रिंग मागवली आणि काकांना म्हणाल्या, "चला, वजन बघू."

जवळचा काटा धुलाईघरात होता, कपड्यांची गाठोडी मोजायचा. काकांच्या जिवावर आलं. आठ महिने ते त्या दारावरून गेले नव्हते. लांबचा वळसा घ्यायचे. आत वाफ होती, गरम चादरींचा वास होता. काटा चव्वेचाळीसवर थांबला. पूर्वी काका एकसष्ट किलोंचे होते. इस्त्री करणाऱ्या बायकांनी हात थांबवले. त्यांच्यातली सगळ्यात वयस्कर बाई तेवढं म्हणाली, "एक वाजता या. आम्ही इथेच जेवतो."

डॉक्टरांनी तपासलं. आजार काही नव्हता. "जेवा," ते म्हणाले, "औषध नाही याला."

स्प्रिंग यायला बारा दिवस लागले. गवत गुडघ्याशी आलं. पहिले दोन दिवस एक वाजला तेव्हा काका शेडमध्येच बसून राहिले. तिसऱ्या दिवशी गेले. बायकोच्या स्टुलावर एक नवी मुलगी बसली होती. तिला काही ठाऊक नव्हतं.

"तुम्ही कुठले, काका?" तिनं विचारलं.

"मी बाहेरचा. गवत कापतो."

"मग उभे का? घ्या ना ताट."

काकांनी ताट घेतलं. बायका आपापसांत कुणाच्या तरी जावयाबद्दल बोलत होत्या, जोरजोरात, आणि काकांकडे मुद्दाम कुणी बघत नव्हतं. ते त्यांना बरं वाटलं. त्यांनी अर्धं ताट संपवलं. हात धुऊन बाहेर आले आणि भिंतीला टेकून बराच वेळ उभे राहिले.

नवी स्प्रिंग बसली तशी गाडी चालू लागली. काकांना चारही मैदानं साफ करायला आठवडा लागला.

आता ते रोज एक वाजता धुलाईघरात जातात. बोलत फार नाहीत. रविवारी मात्र धुलाईघर बंद असतं. त्या दिवशी ते घरी एकट्यापुरता भात लावतात. पाण्याचा अंदाज अजून चुकतो. मागच्या रविवारी भात खाली लागला. काकांनी वरचा वरचा काढून घेतला, ताटात वाढला आणि खाली बसून जेवले.