शमशूचं उरलंसुरलं

मंडईमागच्या गल्लीत, जिन्याखाली रझियाचं शिलाईचं मशीन होतं. अर्ध्या सदाशिव पेठेच्या साड्यांना फॉल तिच्याच हातचा. "शिलाई सरळ, बाई तेवढी वाकडी," असं गिऱ्हाइकं म्हणायची. कारण कुणी घाई केली, की रझिया साडी घडी न मोडता परत करायची.

तिचा शमशुद्दीन शाळेत जायला लागला तसा पाय ओढू लागला, पुढे खुर्चीलाच खिळला. स्नायू झिजवणारा आजार. त्याला उचलताना ती आधी हाक मारायची, "शमशू, उचलते हं." नाहीतर पोरगं दचकायचं.

या आजारावर संशोधन करणाऱ्या प्रयोगशाळेतल्या श्यामलाताईंनी त्याच्या दंडाची चिमूटभर कातडी मागितली. "यातल्या पेशी आम्ही वाढवू. विजेचा झटका दिला की पेशीच्या आवरणाला क्षणभर भोकं पडतात. तेवढ्यात चांगलं जनुक आत घालायचं."

"मग हा चालेल?"

"हा नाही हो. झालंच तर पुढची मुलं."

रझियानं उत्तर ऐकलं. मनात मात्र स्वतःचा प्रश्नच जपून ठेवला.

रमजानच्या तोंडावर शमशू गेला. कफनाचं कापड रझियानंच फाडून दिलं. जन्मभर शिवत आलेल्या बाईच्या हाती टाका न घालायचं कापड आलं. चाळिसाव्या दिवसाचा फातिहा झाला आणि त्यातलाच उरलेला, रुमालाएवढा तुकडा घेऊन ती प्रयोगशाळेत गेली.

"ताई, त्याचं जे काही तुमच्याकडे असेल ते द्या. आम्ही कापलेलं नखसुद्धा मातीत पुरतो. माझा मुलगा तिकडे अपुरा निजलाय."

श्यामलाताईंनी वाद घातला नाही. "तुमचंच आहे, देते. आधी एकदा बघता?"

सूक्ष्मदर्शकाखाली काळोखात हिरवे ठिपके चमकत होते.

"हिरव्या दिसतात त्या पेशींत जनुक पोचलं. काही झटक्यानं मरतात. या तगल्या."

"तगल्या म्हणजे? जिवंत आहेत?"

"हो. वाढतायत."

रझियानं डोळा काढला नाही. तशीच वाकून म्हणाली, "जिवंताला कसं पुरू?"

तिनं कापडाची घडी केली, पिशवीत ठेवली. दारापर्यंत गेली आणि वळली.

"पुन्हा झटका देणार?"

"उद्या. उरलेल्यांना."

"मग आधी हाक मारा त्याला."