गादीवाला मामा कॉलेजात जातो

टिकली नऊ वर्षांची, आणि बसायची थेट कॉलेजात, मोठ्या गणिताच्या वर्गात! पण कॉलेजचा नियम असा की एवढ्या लहान मुलीसोबत घरातलं मोठं माणूस वर्गात हवंच. ते बाहेर गेलं की मुलगीही बाहेर. आईबाप दोघंही नोकरीवर. मग बळीचा बकरा कोण? मामा!

मामाचं गाद्यांचं दुकान. शिवलेली प्रत्येक गादी तो स्वतः आडवा होऊन तपासायचा, आणि तपासणी म्हणजे डुलकीच. असल्या माणसाला वर्गात बसवल्यावर काय होणार, सांगा! सर तोंड उघडायचे आणि मामा डोळे मिटायचा. पहिल्याच आठवड्यात त्याच्या घोरण्याने अख्खा वर्ग हादरला.

"झोपलात का?" सर कडाडले.

"छे छे, सर! डोळे मिटून विचार करत होतो."

"घोरत? पुन्हा असा विचार केलात तर दोघंही बाहेर. कायमचे!"

जिन्यात टिकलीने भोकाड पसरलं. "मला परत चौथीत घालतील, मामा! तिथे अजून पाढे म्हणतात!" एवढी हुशार पोर, पण नाक पुसायला मामाचीच बाही लागायची.

त्याने चहा ढोसला, स्वतःला चिमटे काढले. सगळं पालथ्या घड्यावर पाणी! शेवटी तो सुई-दोरा आणि कापूसच वर्गात घेऊन गेला. हात चालले की त्याचे डोळे उघडे राहायचे. टिकलीला बाकावरून फळा दिसत नव्हता, म्हणून पहिली उशी तिच्याखाली गेली. मग दाढीमिशीवाले विद्यार्थी "मामा, मला पण" करत मागे लागले. बाकं कसली, दगडच होते मेले! शेवटची, सगळ्यात गुबगुबीत उशी मामाने सरांच्या खुर्चीवर ठेवली. जरा मस्का, दुसरं काय!

तिथेच घात झाला. सरांनी फळ्यावर अर्धं गणित सोडवलं, दम खायला खुर्चीत टेकले आणि चक्क घोरायला लागले. मामाने मागे पाहिलं, तर बाकांवरचे सगळेही उशांवर कलंडलेले. जागे दोघंच.

"मामा, उचल मला," टिकली कुजबुजली. मामाने तिला खांद्यावर घेतलं. तिने उरलेलं गणित फटाफट सोडवलं, पण शेवटी खडूचा तुकडा निसटला तो नेमका सरांच्या टकलावर.

सर दचकून उठले. त्यांनी फळा पाहिला, पेंगणारा वर्ग पाहिला, मग मामाकडे पाहिलं. उशी त्याचीच ना! गेली टिकली चौथीत.

"मी... झोपलो होतो का?" सरांचे कान लालभडक झाले होते.

"छे छे, सर! डोळे मिटून विचार करत होतात."

सरांनी उशी दोन्ही हातांनी नीट फुगवली आणि पुन्हा तिच्यावरच बसले.

"मामा," ते हळूच म्हणाले, "उद्यापासून आपण आळीपाळीने विचार करू."