आर्डिथ हॉफरचे ठिपके

आर्डिथ हॉफरने चौतीस वर्षं शाळेच्या बेसबॉल टीमची स्कोअरची वही लिहिली आणि एकदाही पेन्सिल हातात धरली नाही. पेन्सिलीने लिहिणाऱ्याच्या मनात आधीपासूनच खोडायचं असतं, असं ती म्हणायची, आणि तेही पेन्सिलवाल्याच्या तोंडावर. निळं पेन, चष्मा नाकावर, मांडीवर वही. बॉल फेकला की खूण, फेकला की खूण. एकदा पंच येऊन म्हणाले, "बाई, दोन बाद झाले की तीन?" तर म्हणाली, "तुम्हाला माहीत नसेल तर तोंडावरची जाळी तरी माझ्याकडे द्या."

तिचा खरा धंदा शाळेच्या स्वयंपाकघराचा. हॅलर गावातल्या दोन पिढ्यांना तिने दुपारचं जेवण वाढलं. त्यामुळे कुणाचं पोर काय टाकतं, कुणाचं पोर दोनदा मागतं, हे तिला पोरांच्या आयांपेक्षा जास्त ठाऊक.

डॅरिल कीपचं प्रकरण मात्र तिच्या जिव्हारी लागलेलं होतं. एक्याऐंशी सालचा आमचा बॉल फेकणारा, पिचर. काय पोरगं होतं! वळणारा बॉल, म्हणजे कर्व्ह, असा टाकायचा की बॅटर गुडघ्यावर यायचा. आणि टाकून झाला की उजवा हात ऐटीत मागच्या खिशात. सगळं गाव त्या ऐटीवर खूश. आर्डिथ रोज दुपारी बघत होती की डॅरिल जेवणाचं ताट डाव्या हाताने उचलतो, पण दोन्ही गोष्टी तिने एकमेकींना जोडल्या नाहीत. दुसऱ्या वर्षी त्याला उजव्या हाताने केसही विंचरता येईनात; खिशातली ऐट म्हणजे दुखणं लपवणं होतं. "मी बघितलं होतं गं," ती नंतर कितीतरी वर्षं म्हणायची. "बघितलं होतं आणि गप्प बसले. माझ्यासारखी मूर्ख बाई नाही."

तेव्हापासून वहीच्या समासात ठिपके आले. पिचरने कोपर चोळलं, ठिपका. खांदा उडवला, ठिपका. चार-पाच ठिपके झाले की आर्डिथ मॅच संपल्यावर त्या पोराच्या आईला गाठायची, बाजूला घ्यायची आणि सांगायची. फक्त आईला. वहीतला हा भाग तिने कोचलाही कधी समजावला नाही.

कॅफेतल्या टेबलाला मात्र समजावला, आणि तिथेच घोटाळा झाला.

लॉइसच्या कॅफेत खिडकीजवळचं टेबल तिघांचं. आर्डिथ, टपाल वाटून निवृत्त झालेला व्हर्न ओफाइम आणि डेल ग्रेव्हर्ट. डेलने तीस वर्षं शाळेची बस चालवली आणि तेवढीच वर्षं मॅचला माइकवर नावं पुकारली. धान्य वर चढवायच्या मशिनीत त्याच्या डाव्या अंगठ्याचं वरचं पेर गेलेलं. बसमधली पोरं त्या अंगठ्याला घाबरायची आणि मोठी झाल्यावर आपल्या पोरांना त्याच्या गोष्टी सांगायची.

मंगळवारी सकाळी टेबलावर एकच विषय. देशभरातली कोवळी पोरं, कोण किती जोरात फेकतं आणि जूनमधल्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे फेऱ्याफेऱ्यांनी होणाऱ्या नव्या खेळाडूंच्या निवडीत, मोठ्या टीम्स कुणाला उचलणार. हे तिघं स्वतःचाही ड्राफ्ट करायचे. आळीपाळीने नावं घ्यायची, आणि ज्याची पोरं सगळ्यात मागे राहतील त्याने बाकीच्यांना मनुक्यांची पेस्ट्री खिलवायची. व्हर्न दरवर्षी उंचच पोरं निवडायचा.

"सहा फूट सहा इंच!" व्हर्न म्हणायचा.

"सफरचंदं काढायचीत का तुला?" आर्डिथ विचारायची. "मार खाल्ल्यावर कसा चालत येतो ते बघ आधी. मान खाली घालून येतो की वर करून."

"आर्डिथ पोरगं नाही, जावई निवडतेय," डेल म्हणायचा, आणि लॉइस काउंटरमागून हसायची.

या टेबलाचा एक रिवाज होता. कुणी डोक्यावरची टोपी काढून उलटी ठेवली की पुढचं बोलणं त्या टोपीत राहायचं. बाहेर जायचं नाही. व्हर्नच्या बायकोला गाठ निघाली तेव्हा त्याने अशीच टोपी ठेवली होती, आणि बाकी दोघांनी सात महिने गावाला वारासुद्धा लागू दिला नाही.

त्या वर्षी आमच्या गावातच एक पोरगं तयार झालं. कोल्बी रीसनर. अठरा वर्षांचा, लाल कानांचा, हातात वीज. आयोवात शाळेचं बेसबॉल उन्हाळ्यात असतं, त्यामुळे मे महिन्याच्या मध्याला, इतर राज्यांतल्या शाळा उरकत आलेल्या असताना, आमच्या मैदानावर परगावच्या गाड्या उभ्या राहायला लागल्या. उन्हात टोप्या घालून, हातात वेग मोजायची यंत्रं घेऊन बसलेले स्काउट, मोठ्या टीम्ससाठी पोरं हेरणारे. एका टीमच्या स्काउटने तर कोल्बीच्या आईला, जनेलला, सांगितलं होतं की सहाव्या राउंडपर्यंत आम्हीच घेऊ. हॅलरमधून आजवर कुणी गेलं नव्हतं. गावाचे पाय जमिनीवर नव्हते.

मेमधल्या दुसऱ्या मॅचला आर्डिथने समासात सात ठिपके दिले. त्याच संध्याकाळी जनेलला गाठलं. जनेलने कोल्बीला डॉक्टरकडे नेलं, हाताचे सगळे एक्स-रे काढले. हात धडधाकट. थकलाय, दहा दिवस फेकू नको, एवढंच. दहा दिवसांनी कोल्बी परत उभा राहिला आणि पुढच्या तिन्ही मॅचच्या पानांवर एकही ठिपका नाही. जनेलने आर्डिथला मिठी मारली होती. "मिसेस हॉफर, तुम्ही नसतात तर?"

डेल दर आठवड्याला गावच्या पेपरात मॅचचा वृत्तान्त लिहायचा आणि त्यासाठी वही घरी न्यायचा. "आर्डिथ, हे सात ठिपके कसले गं?" त्याने मंगळवारी विचारलं. आर्डिथने आधी बघितलं की व्हर्नने टोपी उलटी ठेवली आहे. मग सगळं सांगितलं. डॉक्टरचंही सांगितलं.

ड्राफ्ट दोन दिवस चालला. पहिल्या दिवशी सहा राउंड झाले आणि कोल्बीचं नाव आलं नाही. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, लॉइसने काउंटरवर कॉम्प्युटर लावला. कुठल्यातरी खोलीत बसलेली माणसं गुरांच्या लिलावासारखी भराभरा नावं वाचत होती. दहावा राउंड. विसावा. व्हर्नने पोरांवर विनोद करायचं सोडून दिलं. तिसाव्याला लॉइसने कॉफी भरली आणि कुणी प्याली नाही.

"विसरले असतील," व्हर्न म्हणाला. "शेवटी आठवेल."

"गप रे," आर्डिथ म्हणाली.

पन्नासावा राउंड संपला, कुणीतरी सगळ्यांचे आभार मानले आणि आवाज बंद झाला.

दुपारी तीनच्या सुमाराला दार उघडून जनेल आत आली. हातात एक कागद. तो तिने आर्डिथच्या बशीशेजारी ठेवला. "तो सहाव्या राउंडवाला स्काउट गाडी घेऊन घरी आला होता. माफी मागायला. म्हणाला, हे पान चार-पाच टीम्सकडे फिरतंय. कोपर गेलेला पोरगा कोण घेणार?"

झेरॉक्स होती. मेमधलं ते पान. आर्डिथचं अक्षर, आर्डिथचे सात ठिपके, आणि खाली कुणीतरी दुसऱ्याने बाण काढून लिहिलेलं: कोपर.

"मी तुम्हाला मिठी मारली होती," जनेल म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, त्याने जास्त लागलं. "तुम्हाला काय मिळालं यातून, मिसेस हॉफर?"

आर्डिथची नजर कागदाच्या कडेला खिळली होती. वही झेरॉक्सच्या काचेवर सपाट राहत नाही, दाबून धरावी लागते, आणि धरणाऱ्याचं बोट कडेला उमटतं. तिथे एक अंगठा उमटला होता. आखूड, नखाशिवायचा.

तिने मान वर केली. डेलचे दोन्ही हात टेबलाखाली होते.

जनेल निघून गेली. व्हर्न म्हणाला, "कुणी केलं असेल गं हे?" आर्डिथने कागदाची घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली. घरी गेली. सिंकमध्ये पाणी सोडून उभी राहिली आणि रडली. चौतीस वर्षं खाडाखोड न केलेली बाई, गावासमोर चुगलखोर ठरली. आणि कुणामुळे? तिचा नवरा लाइल गेला तेव्हा ज्याने तीन हिवाळे न सांगता तिच्या दारातला बर्फ उपसला, त्याच्यामुळे!

संध्याकाळी सहाला मॅच होती. न जायचा विचार तिच्या मनात आला, पण वही तिच्याकडे होती. बॅटर उभा राहतो त्या होम प्लेटमागच्या लाकडी केबिनच्या पायऱ्या ती चढली. डेल आधीच माइकसमोर बसला होता. डोक्यावर कोरी करकरीत टोपी, मोठ्या टीमची, अजून पुठ्ठ्याचा वास येणारी.

आर्डिथने कागद उघडून त्याच्यासमोर ठेवला. अंगठ्यावर बोट ठेवलं.

डेलने कागदाकडे बघितलं. मग टोपी काढली आणि टेबलावर उलटी ठेवली.

"आर्डिथ," तो म्हणाला, "टोपी उलटी आहे."

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं तेव्हा कानशिलं तापली. "लाज नाही वाटत तुला?"

"ऐक तर. ही टोपी देणाऱ्या स्काउटने मला नावाने हाक मारली. मिस्टर ग्रेव्हर्ट म्हणाला. तीस वर्षं मी इथे बसून नावं पुकारतोय, आर्डिथ, एकाने तरी विचारलं का, डेल, तुला काय वाटतं? त्याने विचारलं. म्हणाला, आमच्यासाठी डोळे उघडे ठेवाल का? मी काही बोललो नाही. फक्त पान दिलं."

"आणि बाण कुणी काढला?"

डेलने माइकची तार सारखी केली.

"डॉक्टरने काय सांगितलं ते तुला माहीत होतं. पुढची तीन पानं स्वच्छ आहेत, तीही तू बघितलीस. ती का नाही दिलीस?"

"त्याने मागितली नाहीत."

खाली पोरं सराव करत होती. आर्डिथने ती कोरी टोपी उचलली, सुलटी केली आणि डेलच्या डोक्यावर ठेवली, पोराला घालतात तशी, पुढून खाली ओढून. "घाल," ती म्हणाली. "मिळालीय ना? दिसू दे सगळ्यांना."

कागद आणि वही घेऊन ती खाली उतरली. जनेल तिसऱ्या ओळीत एकटी बसली होती. आर्डिथने तिला कागदाची कड दाखवली. जनेल लहानपणी त्याच बसमधून शाळेत गेलेली. तिला दुसऱ्यांदा बघावं लागलं नाही. तिने वर केबिनकडे पाहिलं, मग परत कागदाकडे. आर्डिथला वाटलं, आता ती हात धरेल.

"पण वही त्याच्या हातात कुणी दिली?" जनेल म्हणाली. "आणि ठिपके कसले ते कुणी सांगितलं त्याला?"

"मी," आर्डिथ म्हणाली. "मीच."

"डॉक्टरकडे नेल्याचं मी तुमच्याशिवाय कुणालाही सांगितलं नव्हतं. नवऱ्यालासुद्धा नाही." जनेलने कागद परत दिला. "यापुढे माझ्या पोराबद्दल मला काही सांगू नका. कुणालाच काही सांगू नका."

बाई खोटं बोलत नव्हती. आर्डिथ पुन्हा पायऱ्या चढली, कारण मॅच सुरू होत होती आणि वही लिहायला दुसरं कुणी नव्हतं. डेल टोपी काढून खुर्चीखाली ठेवून बसला होता. त्याने नावं पुकारली. कोल्बीचं नाव पुकारताना त्याचा आवाज नेहमीसारखाच होता, आणि तेच आर्डिथला सहन होईना.

कोल्बी उभा राहिला. आज तो रागाने फेकत होता. पहिले तीन बॅटर आले तसे गेले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, जरा जास्तच, वाईट वाटलेल्या माणसांच्या टाळ्या. दुसरी इनिंग गेली, तिसरी गेली. आर्डिथ खुणा करत राहिली. समास कोरा होता.

चौथ्या इनिंगमध्ये त्याने पहिला कर्व्ह टाकला. सुरेख वळला, बॅटर गुडघ्यावर आला. कोल्बीने मान वर करून केबिनच्या खिडकीकडे पाहिलं. आर्डिथकडेच. त्यालाही आता ठिपके माहीत झाले होते. सगळ्या गावाला झाले होते. आणि तिच्याकडे बघत बघत त्याने उजवा हात मागच्या खिशात घातला.

पुढचा कर्व्ह. हात खिशात. त्याच्या पुढचा. हात खिशात. लोक ओरडत होते, व्हर्न टोपी हवेत हलवत होता.

कोपर दुखत होतं की पोरगं तिला नुसतं डिवचत होतं, ते वरून कळायला मार्ग नव्हता. कळू नये म्हणूनच तो हात खिशात होता.

आर्डिथने पेन समासावर टेकवलं. तीन ठिपके दिले. पुढच्या बॅटरला आणखी दोन. पाच झाले. सवयीने तिने जनेलला शोधायला तिसऱ्या ओळीकडे पाहिलं. जनेल केबिनकडे पाठ फिरवून बसली होती.

"किती झाले?" शेजारून डेलने हळूच विचारलं.

आर्डिथने वही मिटली आणि छातीशी धरली. खाली कोल्बीने पुढचा बॉल टाकला, पंच ओरडला, आणि चौतीस वर्षांत पहिल्यांदाच एक बॉल लिहायचा राहून गेला.