काटा नको, आकडा द्या

"मेली म्हणजे मेली. टेस्टरचा दिवा लागत न्हाय, दिसतंय ना तुला?" अंगणात उकिडवा बसून किशोरीचा नवरा कमलेश तिच्या स्कूटरच्या बॅटरीला तिसऱ्यांदा टेस्टर टोचत होता.

"एवढं टोचल्यावर जिवंत पण मरेल," किशोरी म्हणाली.

"भंगारवाला अल्पेश चारला येतोय. स्कूटर भंगारात घेतोय तर घेऊन जाऊ दे."

रेवदंड्याच्या कोळीवाड्यात विजेवरची स्कूटर घेणारी किशोरी पहिली. रिक्षावाले मासळीची टोपली बघून मान फिरवत, म्हणून तिने भिशी उचलून ती घेतली आणि चौल-नागावची घरं रोजची गिऱ्हाइकं म्हणून बांधून टाकली. स्कूटर गेली की पुन्हा बाजारच्या कट्ट्यावर, दोन जावांच्या मधे बसायचं. त्या जावा मासळीबरोबर माणसाचीही खवलं काढत.

तिने कमलेशच्या हातातला टेस्टर काढून घेतला आणि शेजारच्या सदाच्या रिक्षापाशी गेली.

"सदाभाऊ, बॅटरी दाखवा."

टेस्टर लावला. दिवा लागला नाही.

"तुमची पण मेली."

"काय बोलतेस वैनी," म्हणत सदाने रिक्षा चालू केली. ती झटक्यात सुरू झाली.

"मग मेलाय तो टेस्टर. चला अलिबागला. आज टोपली न्हाय, मान फिरवू नका."

अलिबागचा दुकानदार हसला नाही, हे त्याचं नशीब. "टेस्टर घरच्या लायटीचा, ताई. बॅटरीला मीटर लागतो." त्याने तीन मीटर मांडले आणि पहिला पुढे सरकवला. "हा काट्याचा. जुना, भरवशाचा."

"काटा नको, आकडा द्या. वीस वर्षं काट्यावर मासळी तोलतेय. बोट कुठं लावायचं ते मला ठाऊक हाय."

दुसऱ्याच्या वायरी बोंबलासारख्या लिबलिबीत होत्या. तो तिने दोन बोटांनी बाजूला केला. तिसऱ्याच्या वायरी जाड, आकडे चष्म्याशिवाय दिसणारे. दुकानदाराने बटण फिरवून त्याची दोन टोकं एकमेकांना टेकवली तसा तो पीं करून ओरडला.

"ह्याला काय झालं?"

"वायर अखंड असली की ओरडतो. तुटली असली तर गप्प."

"आमच्या सासूच्या उलट."

"स्कूटरची बॅटरी साठ व्होल्टची. बटण डीसीच्या दोनशेवर ठेवायचं, वीसवर नाही."

"पाच किलोच्या काट्यावर दहा किलोचा घोळ मासा कोण ठेवतं?" ती म्हणाली. तरी दुकानातल्याच एका बॅटरीवर आकडा बघितल्यावरच मीटर पिशवीत गेला. कल्ले उघडून बघितल्याशिवाय ती मासाही घेत नसे.

घरी अल्पेश खुर्चीत बसला होता आणि सासू भागुबाई त्याला चहा देत होती, जणू मुलगी बघायला आलाय.

किशोरीने लाल टोक एका बाजूला, काळं दुसऱ्या बाजूला टेकवलं. बासष्ट.

"मेलेलीत बासष्ट कुठून आले?" तिने विचारलं.

कमलेश वाकून आकडा बघत राहिला. बॅटरीची वायर पाय ठेवायच्या पत्र्याखालच्या प्लगात जात होती. प्लगाच्या पलीकडे तिने टोकं लावली. शून्य. बॅटरीचा खटका पाडून तिने प्लग उघडला. आत पितळेवर हिरवागार कीट.

"पाणी गेलंय," कमलेश म्हणाला. "इथं पाणी कोण वततं?"

कोण ओततं ते सगळ्यांना माहीत होतं. मुलगी प्रणाली कॉलेजला जाताना स्कूटरवर मागे बसायची आणि तिच्या मैत्रिणींना मासळीचा वास यायचा, म्हणून किशोरी रोज संध्याकाळी दोन बादल्या त्याच पत्र्यावर ओतायची. तिने पॉलिश पेपरने कीट खरवडला, प्लग बसवला, बटण फिरवून टोकं लावली. मीटर पीं करून ओरडला. खटका वर केला आणि स्कूटरचे दिवे लागले.

"चहा पिऊन जा," भागुबाई अल्पेशला म्हणाली. "केलाय तर वाया कशाला घालवायचा."

प्रणाली दारात आली. "आई, चालू झाली ना? मग आज नीट धू हां, उद्या प्रॅक्टिकल हाय."

किशोरीने मीटरच्या वायरी गुंडाळल्या आणि तो देवाच्या फळीवर, भागुबाईच्या जपमाळेशेजारी ठेवला.

"स्कूटर ऱ्हाणार. आजपासून पाणी बंद, नुसतं फडकं मारायचं. वास येल. ज्याला सोसवत न्हाय त्याने चालत जावं."