वैशाखातला दसरा

दक्षिण गोलार्धात ऋतू उलटे का येतात याचं शास्त्रीय कारण काहीही असो. ते वेळेवर येतात ते मात्र केवळ माझ्या बायकोच्या मामांच्या पाठपुराव्यामुळे, असं माझं प्रामाणिक मत आहे. मामा मंत्रालयातून कक्ष अधिकारी म्हणून निवृत्त झाले आणि मामींना घेऊन न्यूझीलंडला लेकीकडे राहायला आले. लेकीचं घर पुकेकोहेला, आमच्यापासून चार गल्ल्या सोडून. गावाबाहेर पाहावं तिकडे कांद्या-बटाट्याची तांबडी शेतं, आणि लेकीच्या घरामागे मात्र गाडी लावण्यापुरतं काँक्रीट. हा विरोधाभास मामांना सहन झाला नाही. आल्यावर महिन्याभरात त्यांनी सामुदायिक बागेत दहा पावलं लांब आणि चार पावलं रुंद असा एक तुकडा मिळवला. इतर लोक आपापल्या तुकड्याला प्लॉट म्हणत. मामा त्याला कार्यालय म्हणत आणि रोज सकाळी साडेनऊच्या ठोक्याला तिथे हजर होत.

इथले ऋतू उलटे असल्यामुळे पंचांगही उलटं करून घेतलं पाहिजे, हा मामांचा पहिला सिद्धान्त. मार्चमध्ये झाडांची पानं गळायला लागलेली असताना लोक गुढ्या उभारतात, ही त्यांच्या मते निसर्गाची उघड उघड दिशाभूल होती. म्हणून त्यांनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत प्रत्येक महिन्याच्या नावावर लाल पेन्सिलीने काट मारून सहा महिने पुढचा महिना लिहिला होता. मामी या भानगडीत पडत नसत. त्या खऱ्या पाडव्याला खरी गुढी उभारत आणि श्रीखंड करत. मामा आपला निषेध नोंदवत आणि मग दोन वाट्या श्रीखंड खात.

साहजिकच, आपण ज्याला एप्रिल-मे म्हणतो तो मामांचा सुगीचा आणि सणासुदीचा काळ. वसंतात काय, कोणीही उठून बागकाम करतं, पण माणसाची खरी पारख पानगळीत होते, असं ते म्हणत. या दिवसांत त्यांचा पोशाखही ठरलेला असे: डोक्यावर माकडटोपी, डोळ्यांवर गॉगल, अंगात स्वेटर, लोकरी मोज्यांवर जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, आणि हातात छत्री. आमच्याकडे एका दिवसात चारही ऋतू होऊन जातात, आणि मामांना एकाही ऋतूपुढे बेसावध सापडायचं नव्हतं. फोनवरच्या हवामानाच्या अंदाजाला ते अफवा म्हणत. स्वतःच्या वहीत ते रोजची नोंद करत. त्यातली एक मी वाचली आहे: 'सकाळी ऊन. साडेदहाला पाऊस. अकराला दोन्ही. दुपारी वारा, विनाकारण.'

खतासाठी सुकलेली पानं गोळा करणं हे त्यांचं मुख्य काम. एक जुनी चादर खांद्यावर टाकून ते गल्लोगल्ली हिंडत आणि लोकांच्या फाटकांसमोरची पानं गोळा करत. गाड्यांनी आपल्याला बघावं म्हणून त्यांनी जुन्या वस्तूंच्या दुकानातून एक नारिंगी चमकदार जाकीट आणलं होतं. त्यामुळे लोकांना ते कौन्सिलचे माणूस वाटत. एकदा एका बाईंनी त्यांना थांबवून घरासमोरचा दिवा दोन महिने बंद असल्याची तक्रार केली. मामांनी आपण कौन्सिलचे नाही हे सांगण्यात वेळ घालवला नाही. त्यांनी खिशातली वही काढून तक्रार लिहून घेतली आणि संध्याकाळपासून संबंधित खात्याला पत्रं धाडायला सुरुवात केली. नवव्या दिवशी दिवा लागला. त्यानंतर त्या गल्लीतली सगळी पानं गोण्यांत भरून, तोंड बांधून, मामांच्या नावाने तयार असत. पानांसोबत प्रत्येक गोणीवर फिजोआंची एक पिशवीही असे. इथे या दिवसांत ज्याच्या त्याच्या झाडाखाली फिजोआंचा सडा पडतो आणि जो तो ती हिरवी फळं दुसऱ्याच्या गळ्यात मारायला टपलेला असतो. मामींनी फिजोआचा मुरंबा केला, कोशिंबीर केली, पन्हं केलं. शेवटी मामांना ताकीद मिळाली की पानं आणा, फळं नकोत.

झाडांशी बोललं की ती वाढतात, असं म्हणतात. मामा झाडांशी पत्रव्यवहार करत. आईस्क्रीमच्या रिकाम्या डब्यांची झाकणं कापून ते त्यांवर टिप्पण्या लिहीत आणि काडीला अडकवून वाफ्यात खोचत. कोथिंबिरीला एकदा प्रशस्तिपत्र मिळालं होतं. एका ढोबळी मिरचीला संपूर्ण हंगामात एकही फळ न धरल्याबद्दल 'कारणे दाखवा' नोटीस बजावली होती. तिने आठ दिवसांत कारणं दाखवली नाहीत म्हणून तिला स्मरणपत्र गेलं. मी विनोदाने म्हटलं, सरळ उपटून टाका की. मामा गंभीर झाले. बाजू ऐकून न घेता कोणाला काढून टाकता येत नाही, म्हणाले. घरातली पुदिन्याची एकुलती एक कुंडी मी तीनदा मारली होती, त्यामुळे या विषयावर मला फारसं बोलता येण्यासारखं नव्हतं.

आणि मग त्यांचा दसरा. हिशेबाने तो खऱ्या चैत्रातल्या दशमीला यायला हवा, पण अडचण आपट्याची होती. या देशात परकं पान आत येऊ देत नाहीत. पहिल्याच प्रवासात मामांनी विमानतळावर स्वतःहून आपट्याची पानं जाहीर केली होती, अधिकाऱ्याच्या स्वाधीन केली होती आणि अशा कडक खात्याबद्दल त्याचं अभिनंदनही केलं होतं. पुढे बागेच्या फाटकाशी त्यांना गिंकोचं झाड सापडलं. पान थेट आपट्यासारखं, मध्ये खाच पडून दोन भाग झालेलं, आणि पानगळीत ते खरोखर सोन्याच्या रंगाचं होतं. आपटा तर हिरवाच राहतो, म्हणजे हे अस्सलपेक्षा अस्सल, असं मामांनी जाहीर केलं. पण गिंको पिवळा व्हायला मे उजाडतो. म्हणून दरवर्षी बागेच्या फळ्यावर मामांची सूचना लागे की पान पिकेपर्यंत दशमी पुढे ढकलण्यात आली आहे. अशा रीतीने मामांचा दसरा ऐन वैशाखात येई. खुरपं, कुदळ, कात्री, झारी धुऊन पुसून ओळीने मांडायची, हळद-कुंकू आणि वाफ्याकडेचा झेंडू वाहायचा, सगळ्या बागेत सोनं वाटायचं, आणि त्याच मुहूर्तावर लसूण लावायचा. लसणाला दोरी धरून, फूटपट्टीने अंतर मोजून, अठ्ठेचाळीस पाकळ्या. तो निघतो थेट डिसेंबरात.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये त्यांच्या लेकीची वेलिंग्टनला बदली झाली. महिन्याभरात बिऱ्हाड हलणार होतं. गाव सोडणाऱ्याने प्लॉट परत करायचा, समिती तो खणून साफ करणार आणि प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या माणसाला देणार, असा बागेचा नियम. मामा तेव्हापासून कार्यालयात साडेनऊऐवजी दहाला जायला लागले. एका रविवारी मामी आमच्याकडे आल्या, चहा घेतला आणि कप खाली ठेवत माझ्या बायकोला म्हणाल्या, "अगं, काल त्यांनी मिरचीची नोटीस मागे घेतली." मी हसलो. त्या हसल्या नाहीत. मग मलाही हसवेना.

मी मामांना म्हटलं, समितीच्या अध्यक्षबाईंना विनंती करून बघा. निदान डिसेंबरपर्यंत वाफा खणू नका म्हणावं. या बाई सत्तरीच्या, उंच, बारमाही गमबुटातल्या आणि नियमांच्या पक्क्या. नऊ वर्षांत दोघांनी एकमेकांना इतकी पत्रं लिहिली होती की एवढी एखाद्याने लग्नाच्या बायकोला लिहिली नसतील. मामांनी मान हलवली. "अपवाद मागायचा नाही. मी तीस वर्षं लोकांचे असलेच अर्ज नामंजूर केलेत."

तरीही दसरा झाला, अवजारं पूजली गेली आणि मामांनी दोरी बांधली. माझ्याच्याने राहवेना. हा लसूण कोणासाठी लावताय, असं मी जरा चिडूनच विचारलं. पुढच्या माणसासाठी, असं म्हणून त्यांनी फूटपट्टी पुढे सरकवली. आपण काढणार नाही ते पीक कोणी इतकं मोजून लावताना मी पाहिलं नव्हतं. तेवढ्यात अध्यक्षबाई आल्या, मामांच्या हातून सोनं घेऊन टोपीत खोचलं आणि यादीची फाईल उघडली. यादीत सर्वांत वर माझं नाव होतं.

अर्ज तीन वर्षांपूर्वीचा होता. अक्षर मामांचं, पत्ता माझा, सहीची जागा मात्र रिकामी, कारण दुसऱ्याची सही करणं नियमात बसत नाही. मला आधी का नाही सांगितलंत, असं मी विचारलं. मामा मातीचे हात झटकत म्हणाले, "तू नाही म्हणाला असतास. आणि नोकरीवाल्या लेकीकडे राहायचं म्हणजे बदलीची तजवीज आधीपासून ठेवावी लागते." बाईंनी पेन पुढे केलं. मी सही केली. त्या इथल्या बोलीत 'झकास' अशा अर्थाचं इतकंच म्हणाल्या, "स्वीट ॲज." आणि का कोण जाणे, नाक पुसत निघून गेल्या.

रीतसर कार्यभार हस्तांतरण झालं. खुरपी दोन, झारी एक गळकी, गोण्या अकरा, ढोबळी मिरची एक, प्रकरण मागे घेतलेलं. अशी दोन पानी यादी. डिसेंबरात मी लसूण काढला, वेणी घालून वेलिंग्टनला नेऊन दिला. तिथलं घर डोंगरावर, बाग नाही. गच्चीतल्या कुंडीचं वाऱ्याने दोनदा परस्पर स्थलांतर केलेलं. मामा खिडकीशी बसले होते. समोर एवढा मोठा समुद्र. मी म्हटलं, काय सुंदर देखावा आहे. ते म्हणाले, "हो. पण त्याला माझं काही काम नसतं."

या मे महिन्यात गिंको पिकला तेव्हा मी एकट्याने दसरा केला. माझ्या हाताने लावलेल्या लसणाचा फोटो आणि एक सोनेरी पान पाकिटात घालून वेलिंग्टनला पाठवलं. आठ दिवसांनी उत्तर आलं, आईस्क्रीमच्या झाकणावर: 'सोने मिळाले. पोच देत आहे. लसणाची तिसरी ओळ वाकडी दिसते. लेखी खुलासा करावा.'

ते झाकण मी वाफ्यात खोचलं आहे. दर शनिवारी साडेनऊला जातो, तेव्हा ते वाचतो. खुलासा मात्र अजून पाठवलेला नाही, आणि काल दुसरं स्मरणपत्रही आलं. येऊ देत. खुलासा मिळाला की मामा फाईल बंद करतील, आणि ती इतक्यात बंद व्हावी असं मला वाटत नाही.