चिकूतून परत न आलेले औषध

सरावलीच्या दक्षाचे लहानपण चिकूच्या वाड्यांत गेले. आई-वडील मजुरीने फळे उतरवत. तीच मुलगी पुढे रसायनशास्त्र शिकून अच्छाडजवळच्या एका खासगी प्रयोगशाळेत लागली आणि चिकूतले कीटकनाशक मोजण्याआधी फळ कसे तयार करावे, याची पद्धत बसवण्याचे काम तिच्याकडे आले. गर वाटायचा, त्यात ते औषध ठरावीक मापाने आपणच मिसळायचे, द्रावक आणि मीठ घालून हलवायचे, वरचा निवळ भाग यंत्राला द्यायचा. मिसळलेले औषध जवळजवळ सगळे परत मिळाले, तर पद्धत खरी. दक्षाला ते मिळत होते. दुसऱ्या कुणाच्या हातालाही तेवढेच मिळाले की पद्धतीवर तिचे नाव लागणार होते. तिथे तोवर कुणाचेच लागले नव्हते.

दुसरा हात तिचा मदतनीस, तलासरीच्या मिथुनचा. त्याला निम्मेच औषध परत मिळाले.

“ताई, उरलेलं मी प्यालो नाही हां!”

दक्षाला हसू आले नाही. ती त्याच्या शेजारी उभी राहिली. वजन बरोबर, मीठ बरोबर, हलवणेही बरोबर. मग त्याचाच गर घेऊन तिने स्वतः सगळे केले. तिलाही निम्मेच मिळाले. फळे तर एकाच वाडीतली, एकाच पेटीतली. तिला काही उमगेना.

सुरी धुवायला घेतली, तर पात्याला चीक चिकटलेला.

“मिथुन, कच्चंच कापलंस?”

“मग? पिकेपर्यंत थांबा असं तुम्ही कुठे लिहिलंय?”

लिहिले नव्हते. आलेली फळे ती कापडात गुंडाळून टेबलाखाली ठेवी, मऊ झाली की कापी. तिच्या घरी कच्च्या चिकूला सुरी लावत नसत. हीसुद्धा पद्धतीतली एक पायरी आहे, हे तिला कधी जाणवलेच नव्हते.

प्रयोगशाळेच्या प्रमुख सुनिता मॅडमनी मसुदा पुढे ओढला. “पद्धत तपासायला परीक्षक उद्या येतायत. ‘पिकलेलं फळ’ एवढं लिही, मी सही करते.”

“आणि लोक खातात ते पिकलेलंच,” मिथुन म्हणाला.

तेही खरेच होते. दक्षाने पेन उचलले. पण वाडीतून तपासणीला येणारे फळ कच्चेच असते. ते पिकेपर्यंत ठेवावे, तर त्यातले औषध तोवर किती उरेल? मोजायचे ते नेमके कोणत्या दिवसाचे फळ?

“नको, मॅडम. ही पद्धत अजून झालेली नाही.”

“तुझं नाव जाईल, दक्षा.”

“जाऊ दे.”

औषधाला चीक धरून ठेवतो, की गरातला तुरटपणा, हेही तिला सांगता येत नव्हते. तिने पेटीतून एक टणक चिकू घेतला आणि कापला.

“द्रावकाच्या आधी पाणी घालून बघू या.”

“त्याने काय होईल?” मिथुनने विचारले.

“माहीत नाही रे,” ती म्हणाली आणि गर वाटायला लागली.